किंमत ठरवतो तो हरणारा

सामाजिक कामासाठी होणाऱ्या चित्रलिलावात बोली कशी चढते, कुठे अडते आणि स्वयंसेवकांच्या हातात नेमकं काय असतं?

जत्रेत देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. बाजारात किरकोळ भावाने मिळणारा नारळ पाहता पाहता हजारांत जातो आणि घेणारा तो कपाळाला लावून आनंदाने घरी नेतो. हैदराबादजवळच्या बालापूरच्या गणपतीचा लाडू १९९४ साली पहिल्यांदा लिलावात निघाला, तेव्हा तो ४५० रुपयांना गेला होता. २०२४ साली त्याच मानाच्या लाडवाची बोली ३० लाख १ हजार रुपयांवर थांबली. गोव्यातल्या देवळांत पावणी होते, तिथेही देवाला वाहिलेली फळं आणि वस्त्रं अशीच चढ्या भावाने जातात. नारळ काय, लाडू काय, घेणारा त्या वस्तूबरोबर मान विकत घेत असतो आणि पैसे गावाच्या कामाला लागणार हेही त्याला ठाऊक असतं.

आता समजा, गावच्या वाचनालयाच्या इमारतीसाठी चित्रांचा लिलाव आहे. एकाच चित्रकाराची, एकाच मापाची दोन निसर्गचित्रं आहेत, दोन्ही जलरंगातली आणि सारखीच देखणी. त्यातलं एक सात हजारांना जातं आणि दुसरं बावीस हजारांना. गंमत अशी, की सात हजारांना चित्र मिळालेल्या माणसाची पंचवीस हजार द्यायचीही तयारी होती. मग वाचनालयाचे पंधरा हजार गेले कुठे?

हे कोडं सुटलं, की अशा लिलावात राबणाऱ्या स्वयंसेवकांचं खरं काम काय असतं ते कळतं. खुर्च्या मांडणं, चहा फिरवणं, पाहुण्यांना जागा दाखवणं ही कामं आहेतच. पण चित्राखाली चिकटवलेली चिठ्ठी, टेबलावरचा बोलीचा कागद, मागच्या रांगेतला वर झालेला हात टिपणारी नजर या गोष्टींचं थेट पैशात रूपांतर होतं. ते कसं, ते पाहू.

दुसऱ्या माणसाचं गणित

पहिल्या चित्रासाठी तिघे इच्छुक होते असं धरू. एकाच्या मनातली कमाल रक्कम ३,००० रुपये, दुसऱ्याच्या ६,५०० आणि तिसऱ्याच्या २५,०००. बोली पाचशेच्या टप्प्याने चढते. तीन हजारांवर पहिला थांबतो. साडेसहा हजारांवर दुसरा हात खाली घेतो. तिसरा सात हजार म्हणतो आणि चित्र त्याचं होतं. पंचवीस हजारांपर्यंत जायची त्याची तयारी होती, पण तिथपर्यंत त्याला नेणारं कोणी उरलंच नाही.

दुसऱ्या चित्राला हेच तिघे आणि शिवाय चौथा एक जण आहे. त्याची मर्यादा २१,५०० रुपये. आता मुख्य इच्छुकाला बावीस हजार म्हणावंच लागतं. चित्र पुन्हा त्यालाच मिळतं, चौथा माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. पण वाचनालयाला पंधरा हजार रुपये जास्त मिळाले ते या चौथ्या माणसामुळे.

चढती बोली म्हणजे दोघांनी एकाच जिन्याने वर जाणं. जो आधी दमतो, त्याच्या पायरीपेक्षा दुसरा फक्त एक पायरी वर उभा राहतो. त्याच्या पायांत आणखी किती बळ होतं, हे कुणालाच कळत नाही.

विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली हे गणित नीट मांडलं. लोकांनी बंद पाकिटात बोली द्यावी, सर्वात मोठी बोली देणाऱ्याला वस्तू मिळावी, पण त्याने रक्कम मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच भरावी, अशी पद्धत त्याने अभ्यासली. अशा पद्धतीत मनातला खरा आकडा लिहिण्यातच शहाणपण असतं, आणि तिचा निकाल उघड चढत्या बोलीसारखाच लागतो, हे त्याने दाखवलं. दोन्हीकडे भाव दुसरा माणूसच ठरवतो. विल्यम विक्रीला १९९६ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. पुढे २०२० साली पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांनाही लिलावाच्या सिद्धांतावरील कामासाठीच नोबेल देण्यात आलं.

मोठ्या लिलावांनाही हाच नियम लागू पडतो. कोविडच्या पहिल्या लाटेत, मे २०२० मध्ये, बँक्सी या अनाम चित्रकाराने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या रुग्णालयाला एक चित्र दिलं. त्यात एक लहान मुलगा बॅटमॅन आणि स्पायडरमॅनच्या बाहुल्या बाजूला टाकून परिचारिकेच्या बाहुलीशी खेळतो आहे. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीज या संस्थेने त्याचा लिलाव केला. अंदाज होता २५ ते ३५ लाख पौंडांचा. शुल्कासह रक्कम गेली १ कोटी ६७ लाख पौंडांच्या पुढे, आणि तिचा मोठा भाग आरोग्यसेवेच्या कामासाठी होता. अंदाजाच्या कितीतरी पट वर जायला एक धनवान पुरत नाही, किमान दोन लागतात.

म्हणून लिलावाच्या तयारीत प्रत्येक चित्रापुढे उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: याला हवं असलेला दुसरा माणूस कोण? ज्या चित्राला या प्रश्नाचं उत्तर नाही, ते कितीही सुंदर असलं तरी स्वस्तात जाणार.

चित्राखालची चिठ्ठी

दुसरा माणूस बऱ्याचदा सभागृहात बसलेलाच असतो, पण मनातल्या शंकांमुळे हात वर करत नाही. हे मूळ चित्र आहे की छापील प्रत? काच फुटली तर बदलता येईल का? दिवाणखान्यातल्या भिंतीवर मावेल का? उत्तर मिळालं नाही, की माणूस प्रत्येक शंकेपोटी आपल्या आकड्यातून थोडे पैसे वजा करतो. शंका फार झाल्या, तर बोलीच लावत नाही. म्हणून चित्राची माहिती नेटकी लिहिणं हे स्वयंसेवकाचं पहिलं मोठं काम.

एक उदाहरण घेऊ. चिठ्ठीवर नुसतं 'वारली चित्र, सुमारे २ फूट' असं लिहिता येतं. त्याच जागेत असंही लिहिता येतं: 'वारली चित्र. कापडावर शेण-गेरूचा थर, त्यावर पांढरा रंग. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण, वरच्या कोपऱ्यात भातकापणी. चित्रकाराची सही उजवीकडे खाली. रुंदी २४ इंच, उंची १८ इंच. फ्रेम नाही, गुंडाळी करून नेता येईल.' पहिली चिठ्ठी वाचून माणूस पुढे सरकतो. दुसरी वाचल्यावर तो पुन्हा चित्राकडे पाहतो, कोपऱ्यातली भातकापणी शोधतो, आणि तेवढ्या वेळात ते चित्र त्याच्या ओळखीचं होतं.

चित्र हातात आलं त्याच दिवशी नोंद करावी. आधी पुढून आणि मागून फोटो. मग चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, वर्ष, माध्यम आणि माप, फ्रेमसह आणि फ्रेमशिवाय. कागदावर बुरशीचे ठिपके, कापडाला सुरकुती, काचेला तडा, जे दिसेल ते लिहून ठेवावं आणि देणाऱ्याची सही घ्यावी. दोष लपवून मिळवलेला भाव पुढे भांडणात जातो. दोष आधीच सांगितला, तर घेणारा तो हिशेबात धरूनच बोली लावतो. प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक चित्राच्या मागे, चिठ्ठीवर, यादीत आणि पावतीवर असावा. चिठ्ठी चित्राच्या पृष्ठभागावर मात्र कधीही चिकटवू नये. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर किंवा भिंतीवर लावावी.

दोन कायदेशीर गोष्टी घेणाऱ्याला आधीच सांगाव्यात. चित्र विकत घेतलं म्हणून त्याचा कॉपीराइट मिळत नाही. चित्र घरात लावता येतं, पुढे विकताही येतं. पण त्याच्या प्रती छापून विकायच्या असतील तर लेखी हक्क घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट जुन्या चित्रांची. वाड्यातल्या माळ्यावरचं पणजोबांच्या वेळचं चित्र कुणी मोठ्या मनाने दान करतं. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्तीविषयीच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांच्या कृतींनाही निर्यातीची बंदी आहे. सुट्टीत पुण्याला आलेल्या आणि चित्र न्यू जर्सीला नेऊ पाहणाऱ्या पाहुण्याला हे बोली लावण्याआधी कळलं पाहिजे. चित्र जुनं असल्याची शंका आली, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय ते यादीत घेऊ नये.

चित्रकाराची बाजू

चांगल्या कामासाठी आहे म्हटलं, की चित्रकाराकडे फुकट चित्र मागायला लोकांना संकोच वाटत नाही. तेच लोक मंडपवाल्याला, छपाईवाल्याला पैसे देतात. चित्रकार मनापासून देतातही. केरळच्या २०१८ च्या महापुरानंतर कोची बिएनाले फाउंडेशन आणि सॅफ्रनआर्ट यांनी जानेवारी २०१९ मध्ये केलेल्या लिलावाला अनेक नामवंतांनी कलाकृती दिल्या आणि पैसा मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीकडे गेला. पण दरवर्षी, दर संस्थेने, त्याच पाच-दहा जणांकडे हात पसरला तर तो झरा आटतो.

चित्रकाराचं नुकसान दोन बाजूंनी होतं. आयकरातली देणगीची सवलत पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीला मिळते. वस्तू दिली तर मिळत नाही. म्हणजे चाळीस हजारांचं चित्र देणाऱ्याला करात काहीच सूट नाही. दुसरं नुकसान अधिक टिकणारं असतं. दालनात चाळीस हजारांना विकलं जाणारं चित्र लिलावात सहा हजारांना गेलं, तर ती बातमी त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचते.

यावर साधे उपाय आहेत. विक्रीतला ठरलेला वाटा चित्रकाराला द्यावा, निम्मा किंवा तिसरा हिस्सा. ज्याला तोही दान करायचा असेल त्याने करावा, पण निवड त्याची असावी. त्याच्याशी बोलून राखीव किंमत ठरवावी, म्हणजे तिच्याखाली चित्र विकायचं नाही असा करार करावा. ती गाठली गेली नाही तर चित्र सुखरूप परत करावं. आणि निमंत्रणात, यादीत, व्यासपीठावर त्याचं नाव मोठ्याने घ्यावं. चित्रकाराचे चाहते आले, तर त्यांच्यातच दुसरा माणूस सापडण्याची शक्यता सर्वात जास्त.

पहिली बोली कितीची?

सुरुवातीची बोली जास्त ठेवली तर चित्राची आब राहते असं वाटतं. पण त्यामुळे हात वर करणारे कमी होतात. कमी रकमेपासून सुरुवात केली, की धीर नसलेलाही एकदा बोली लावतो. एकदा बोली लावली, की तो त्या चित्राच्या शर्यतीत उतरलेला असतो, आणि इतरांनाही दिसतं की या चित्राला मागणी आहे. मागणी पाहून मागणी वाढते. म्हणून अनेक आयोजक अपेक्षित भावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या किंवा निम्म्याच्या आसपास पुकारा सुरू करतात.

याला एक अट आहे. लोक पुरेसे असतील तरच कमी सुरुवात चालते. पावसामुळे सभागृहात वीसच माणसं आली, तर दुसरा माणूस मिळेलच याची खात्री नसते. तेव्हा राखीव किंमत त्या न आलेल्या माणसाची जागा घेते. ती नसती तर चित्र मातीमोल गेलं असतं.

टप्पाही विचारपूर्वक ठरवावा. दोन हजारांच्या चित्राला दोनशेचा टप्पा पुरतो. वीस हजारांच्या चित्राला तोच ठेवला तर लोक कंटाळतात आणि पाच हजारांचा ठेवला तर बिचकतात. सर्वसाधारणपणे चालू बोलीच्या दहा टक्क्यांच्या आसपासचा टप्पा सोयीचा पडतो.

क्रमालाही महत्त्व आहे. अगदी सुरुवातीला लोक स्थिरस्थावर होत असतात, शेवटी घड्याळाकडे पाहत असतात. म्हणून आरंभी परवडणारी, लगेच आवडणारी चित्रं घ्यावीत, म्हणजे लोकांचे हात मोकळे होतात. सर्वात मोठी चित्रं मध्याच्या थोडी आधी पुकारावीत. सगळ्यात भारी चित्र शेवटाला ठेवलं, तर त्याच्यासाठी आलेला दुसरा माणूस शेवटची लोकल पकडायला निघून गेलेला असतो.

मूक लिलावाची शेवटची दहा मिनिटं

छोट्या मंडळांना मूक लिलाव सोपा जातो. प्रत्येक चित्रासमोर एक कागद, त्यावर तीन रकाने: बोलीदाराचा क्रमांक, रक्कम, वेळ. शेजारी दोऱ्याने बांधलेलं पेन. लोक चहा पीत फिरतात, आकडा लिहितात, पुढे जातात. ठरलेल्या वेळी कागद उचलले जातात आणि शेवटचा आकडा लिहिणारा जिंकतो.

इथे दुसरा माणूस एका वेगळ्याच कारणाने हरवतो. त्याने पाच वाजता आठ हजार लिहिले आणि तो मित्रांशी बोलत बसला. सव्वापाचला कुणीतरी साडेआठ हजार लिहिले. याला पत्ताच नाही. त्याची बारा हजारांची तयारी होती, पण तो आपण जिंकलो अशाच समजुतीत आहे. म्हणून मूक लिलावात एका स्वयंसेवकाचं काम फक्त फिरण्याचं असावं. कागद पाहायचे, कुणाची बोली ओलांडली गेली ते हेरायचं आणि त्या माणसाजवळ जाऊन हळूच सांगायचं, "काका, तुमच्या त्या घाटाच्या चित्रावर नवीन आकडा पडलाय, एकदा बघून घेता का?" एवढ्या एका वाक्याने जितके पैसे वाढतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने वाढतात.

दुसरी अडचण शेवटच्या क्षणाची. मुदत संपताना आकडा लिहिला, तर समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही. त्यामुळे हुशार बोलीदार शेवटपर्यंत गप्प राहतात आणि बोली चढायची थांबते. अल्विन रॉथ आणि अॅक्सल ओकेनफेल्स यांनी २००२ साली इंटरनेटवरच्या लिलावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईबेवर लिलाव ठरल्या सेकंदाला संपत असे, आणि तिथे अगदी शेवटी बोली लावणाऱ्यांची गर्दी होई. अॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली तर मुदत वाढत असे. तिथे अशी गर्दी कितीतरी कमी होती.

आपल्या टेबलांवरही हे सहज करता येतं. शेवटच्या दोन मिनिटांत आकडा पडला, तर त्या चित्राला आणखी दोन मिनिटं द्यायची, असा नियम सुरुवातीलाच जाहीर करावा. सगळी टेबलं एकदम बंद न करता दहा-दहा मिनिटांच्या अंतराने बंद करावीत. पहिल्या टेबलावर हरलेला माणूस मग दुसऱ्या टेबलाकडे वळतो आणि तिथला दुसरा माणूस होतो.

हातोडा पडेपर्यंत

उघड लिलावात पुकारणारा एकटा पुरत नाही. त्याच्यासोबत एक नोंद करणारा हवा, जो चित्राचा क्रमांक, जिंकणाऱ्याचा क्रमांक आणि रक्कम त्याच क्षणी लिहितो. आणि दोन्ही बाजूंना एकेक जण हवा, जो वर झालेला हात टिपून मोठ्याने सांगतो. खांबाआड बसलेल्या आजींचा हात पुकारणाऱ्याला दिसला नाही, तर एक दुसरा माणूस वाया गेला. प्रत्येक बोलीदाराला दारातच नाव आणि फोन लिहून घेऊन क्रमांकाची पाटी द्यावी. पाटी दिसायला सोपी असते, आणि नंतर 'मी हात वर केलाच नव्हता' असा वाद उरत नाही.

'एकवार, दोनवार, तीनवार' या पुकाऱ्याला कायद्याचं पाठबळ आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दल आहे. हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली, की सौदा पुरा होतो. तोपर्यंत कुणालाही आपली बोली मागे घेता येते. राखीव किंमत आहे हे आधी जाहीर करता येतं. आणि भाव चढवण्यासाठी विकणाऱ्याच्या बाजूने खोटी बोली लावली गेली, तर घेणाऱ्याला सौदा रद्द करता येतो.

ही शेवटची तरतूद स्वयंसेवकांनी मनावर घ्यावी. काम चांगलं आहे, पैसा गरजूंना जाणार आहे, मग मागून एखादा हात वर करून भाव वाढवला तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. बिघडतं ते हे, की दुसरा माणूस खरा होता या विश्वासावर जिंकणारा पैसे मोजतो. आपल्याला कार्यकर्त्यानेच चढवलं हे त्याला कळलं, तर तो पैसे परत मागेल आणि पुढच्या वर्षी चार जणांना सोबत घेऊन घरीच बसेल. स्वयंसेवकाला एखादं चित्र खरोखर घ्यायचं असेल, तर त्याने इतरांसारखी पाटी घ्यावी, सर्वांसमोर बोली लावावी, आणि त्या चित्राच्या नोंदीचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

हरलेल्यांच्या खिशातले पैसे

सामाजिक कामासाठीचा लिलाव एका बाबतीत इतर लिलावांपेक्षा वेगळा असतो. इथे हरणाऱ्यालाही काहीतरी मिळतं. वाचनालय व्हावं असं मला मनापासून वाटतं आणि शेजारच्याने चित्रासाठी तीस हजार मोजले, तर चित्र गेलं तरी माझ्या आवडत्या कामाला तीस हजार मिळाले. मग शेवटपर्यंत लढायची माझी ईर्ष्या थोडी कमी होते. २००५ साली चार अर्थशास्त्रज्ञांनी हे गणित मांडून दाखवलं, की ज्या पद्धतीत फक्त जिंकणारा पैसे भरतो, ती निधी उभारायला तितकीशी चांगली नाही. सगळ्यांकडून काही ना काही घेणाऱ्या पद्धती कागदावर सरस ठरतात.

प्रत्यक्षात मात्र एक मेख निघाली. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात बालवाड्यांच्या निधीसाठी झालेल्या लिलावांवर २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हरलात तरी पैसे भरा, असा नियम असलेल्या लिलावात लोकांनी भागच कमी घेतला आणि निधीही साध्या पद्धतीपेक्षा कमी जमला. बोली लावून पैसे जावेत आणि हाती काही येऊ नये, हे लोकांना रुचलं नाही. सगळ्यांकडून पैसे घेणारा दुसरा मार्ग सोडतीचा, पण तिची तिकिटं विकण्याचा पर्याय आपल्याकडे जपून वापरावा लागतो. परवानगीशिवाय चालवलेली लॉटरी हा गुन्हा आहे.

मग हरलेल्यांचा सद्भाव वाया जाऊ द्यायचा का? मुळीच नाही. त्यांच्यासाठी वेगळं दार उघडावं. लिलाव रंगात आला असताना, मोठं चित्र विकलं गेल्यानंतर लगेच, पुकारणाऱ्याने पाच मिनिटं चित्रं बाजूला ठेवून सरळ कामाबद्दल बोलावं. 'एका कपाटाचा खर्च दहा हजार. कोण देतं?' हात मोजावेत, पाट्यांचे क्रमांक लिहावेत. मग 'एका शेल्फचे दोन हजार', मग 'मुलांच्या दहा पुस्तकांचे एक हजार'. इथे कुणी हरत नाही आणि प्रत्येकाला आपल्या ऐपतीचा आकडा सापडतो.

गांधीजींना ही नस बरोबर सापडली होती. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून त्यांचा अस्पृश्यतानिवारणाचा देशव्यापी दौरा सुरू झाला. जागोजागी मिळालेल्या भेटवस्तू ते सभेतच लिलावात काढत, स्त्रियांकडून दागिने मागत, सहीचेही पैसे घेत, आणि गर्दीतल्या गरिबातल्या गरिबाचं नाणंही हात पुढे करून स्वीकारत. भेटवस्तूवर बोली लावणारे मोजकेच असत, पण त्यांच्या सभेत कुणालाही देण्याची संधी चुकत नसे. त्या दौऱ्यात सुमारे आठ लाख रुपये जमले.

हिशेब म्हणजे पुढच्या वर्षीचे बोलीदार

हातोडा पडल्यावर निम्मं काम उरलेलं असतं. जिंकणाऱ्याला चिठ्ठी द्यावी, पैसे घेणाऱ्या टेबलावर त्याने ती दाखवावी, पैसे भरून पावती घ्यावी आणि पावती पाहिल्यावरच चित्र बांधणाऱ्या स्वयंसेवकाने चित्र हाती द्यावं. काचेला आधी साधा कागद, वरून बबल रॅप, कोपऱ्यांना पुठ्ठा. पैसे घेणारा आणि चित्र देणारा हे दोघे वेगळे असावेत; त्यामुळे चूक लगेच सापडते आणि कुणावर संशय येत नाही. प्रत्येक चित्राच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराचा फोन जपून ठेवावा. जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तर आधी या दुसऱ्यालाच विचारायचं असतं.

कायद्याची बाजू आधीच पाहून ठेवावी. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर जमा-खर्च तिच्या लेखापरीक्षणात येतो. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाला सामाजिक कामासाठी निधी गोळा करायचा असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवाची मंडळं दरवर्षी ती घेतात. चित्र विकत घेणं ही खरेदी आहे, देणगी नव्हे, हेही घेणाऱ्याला स्पष्ट सांगावं. करसवलतीची पावती सरळ देणगी देणाऱ्यांसाठीच.

आणि मग हिशेब जाहीर करावा. एकूण विक्री किती, चित्रकारांचा वाटा किती, सभागृह, छपाई, चहा यांवर खर्च किती, हाती उरले किती. ते पैसे कशाला लागले हे काम झाल्यावर पुन्हा कळवावं: कपाटं आली, पुस्तकं आली, वाचनालय अमुक दिवशी उघडतंय. हे पत्र जिंकणाऱ्यांना आणि चित्रकारांना सगळेच धाडतात. ते हरलेल्यांनाही धाडावं. त्यांच्या घरी चित्र गेलं नाही, तरी जमलेल्या रकमेतला मोठा भाग त्यांनी लावलेल्या बोलींनीच वर ढकलला होता, आणि हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ज्याला आपलं योगदान कळलं, तो पुढच्या लिलावाला येतो आणि बोली लावतो. असे पाच-पन्नास जण ज्या संस्थेने जोडले, तिला चित्राच्या भावाची काळजी उरत नाही.

चौकट: स्वयंसेवकांसाठी थोडक्यात

• भाव दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार ठरवतो. प्रत्येक चित्रासाठी किमान दोन खरे इच्छुक शोधा.
• चित्र आलं त्याच दिवशी फोटो, माप, माध्यम आणि दोष यांची नोंद करा. देणाऱ्याची सही घ्या.
• चित्रकाराशी वाटा आणि राखीव किंमत लेखी ठरवा.
• बोली कमी रकमेपासून सुरू करा. टप्पा चालू बोलीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा.
• मूक लिलावात बोली ओलांडली गेलेल्याला जाऊन सांगा. शेवटच्या क्षणी आकडा पडला तर मुदत वाढवा.
• भाव चढवण्यासाठी खोटी बोली कधीही लावू नका.
• हरलेल्यांसाठी सरळ देणगीचा पुकारा ठेवा.
• पैसे एकाने घ्यावेत, चित्र दुसऱ्याने द्यावं. हिशेब सर्वांना कळवा, हरलेल्यांनाही.